अर्थ लावण्याचा अधिकार

गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारीं सायंकाळीं मी बीथोव्हेनच्या एकाच सोनाटाचीं दोन ध्वनिमुद्रणें लागोपाठ ऐकत बसलों होतों. सोनाटा तोच, ज्याला सारें जग 'मूनलाइट' या नांवानें ओळखतें. पहिलें ध्वनिमुद्रण नेहमींच्या वळणाचें होतें. संथ, स्वच्छ, प्रत्येक स्वर वेगळा ऐकूं येणारें. दुसरें हंगेरींत जन्मलेले पियानोवादक आन्द्राश शिफ यांचें होतें. त्याची लय बरीच पुढें सरकती होती, आणि एका स्वराचा नाद पुढच्या स्वरांत मिसळून सगळ्या वादनावर धुक्यासारखें कांहींतरी पसरलें होतें. आमच्या सौभाग्यवती शेजारींच भाजी निवडत बसल्या होत्या. लहानपणीं त्यांनीं पांच-सहा वर्षें गाण्याची तालीम घेतलेली आहे. पियानोशीं मात्र त्यांचा परिचय माझ्यामुळें झाला तेवढाच. दोन्ही वादनें संपल्यावर त्यांनीं विचारलें, "अहो, दोघांच्याहि पुढें कागद एकच होता ना?"

मी म्हणालों, "एकच."

"मग यांतला खोटें कोण बोलतो?"

मीं तो प्रश्न हंसण्यावारीं नेला खरा, पण तो मनांतून जाईना. अर्थ लावणें हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गेलीं सत्तावीस वर्षें मी वर्गांत उभा राहून कधींच कालवश झालेल्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचे अर्थ मुलांना सांगत आलों आहें, आणि त्या मुलांनीं लावलेल्या अर्थांना परीक्षेंत गुण देत आलों आहें. ज्याला स्वतः उत्तर देतां येत नाहीं, त्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिला, आणि त्या अधिकाराला मर्यादा कोणती, हें मीं स्वतःला क्वचितच विचारलें होतें. तो विचार येथें वाचकांपुढें मांडावा अशी इच्छा आहे.

आपल्याकडील रसिकाला या प्रश्नाची धार एकदम जाणवणार नाहीं, कारण आपल्या संगीतांत त्याचें रूप निराळें आहे. आपल्या गवयाच्या हातीं राग असतो आणि दोन-चार ओळींची बंदिश असते. बाकीचा सारा विस्तार तो त्या घटकेला स्वतः करतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं शेंकडों बंदिशी स्वरलिपींत बांधून ठेवल्या. परंतु तेवढेंच पाहून कोणी मैफलींत तेवढेंच गाऊं लागला, तर श्रोते उठून जातील. युरोपांतील अभिजात संगीताची रीत याहून वेगळी. तेथें रचनाकार दोन्ही हातांचे सर्व स्वर लिहून ठेवतो, आणि वादकानें त्यांत आपल्या पदरचा एकहि स्वर घालावयाचा नसतो. यावरून असें वाटेल कीं, मग वादकाला करण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. पण कागदावर असतें तरी काय? स्वराची उंची आणि त्याची इतर स्वरांच्या मानानें असलेली लांबी. अमुक स्वर मागच्या स्वरापेक्षां किती हलका घ्यावा, वाक्य कोठें श्वास घेतें, दोन वाक्यांमधील शांतता किती वेळ सहन करावी, यांतील बहुतेक गोष्टी कागदावर नसतात. आणि ज्या असतात त्या 'सावकाश', 'मोठ्यानें', 'वाढवीत वाढवीत' अशा शब्दांत असतात. किती सावकाश? कशाच्या मानानें मोठ्यानें? तात्पर्य, अर्थ लावल्याखेरीज तो कागद वाजवितांच येत नाहीं. आपण अर्थ लावीत नाहीं, आपण फक्त लिहिलेलें वाजवितों, असें म्हणणारा वादकहि एक अर्थ लावूनच बसलेला असतो. त्याला त्याची जाणीव नसते इतकेंच.

वरील सोनाटाचेंच उदाहरण घेऊं. तो १८०१ सालीं रचला गेला आणि १८०२ सालीं व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झाला. चांदण्याचें नांव बीथोव्हेननें दिलेलें नाहीं. लुडविग रेल्श्टाब नांवाच्या एका टीकाकारानें पहिल्या भागाला सरोवरावर पडलेल्या चांदण्याची उपमा दिली, आणि ती त्या रचनेला कायमची चिकटली. म्हणजे ज्या नांवानें आपण ही रचना ओळखतों, तेंच मुळीं परक्यानें लावलेला एक अर्थ आहे. बीथोव्हेननें स्वतः जें लिहिलें तें फारच व्यावहारिक आहे. पहिल्या भागाच्या माथ्यावर त्याची इटालियन भाषेंत सूचना आहे कीं, हा सबंध भाग अत्यंत नाजूकपणें आणि तारांवरील गाद्या उचलून वाजवावा. पियानोच्या तारांवर लहान लहान मऊ गाद्या टेकलेल्या असतात. पट्टीवरचें बोट उचललें कीं गादी तारेवर येऊन बसते आणि नाद थांबतो. पेडल दाबून सगळ्या गाद्या एकदम उचलून धरल्या, तर एकदां निघालेला नाद आपोआप विरेपर्यंत चालूच राहतो. बीथोव्हेनच्या वेळच्या पियानोची चौकट लांकडी, तारा बारीक; त्यांतील नाद लवकर विरे. आजच्या पियानोची चौकट ओतीव लोखंडाची, तारांवरील ताण कितीतरी अधिक, आणि नाद फार वेळ टिकणारा. या वाद्यावर गाद्या अखेरपर्यंत उचलून धरल्या, तर मागील स्वर पुढच्या परक्या स्वरांत शिरून त्यांचा चिखल होण्याची भीति असते. म्हणून बहुतेक वादक स्वरसमूह बदलला कीं पेडल सोडून पुन्हा दाबतात. शिफ ती सूचना शब्दशः पाळतात, आणि चिखल होऊं नये यासाठीं हात हलका व लय सरकती ठेवतात.

आतां इमान कोणीं राखलें? अक्षर पाळणाऱ्याजवळ अक्षराचा पुरावा आहे. अक्षर मोडणारा म्हणतो कीं, वाद्य बदललें आहे, तेव्हां मूळचा परिणाम राखण्यासाठींच मला अक्षर मोडावें लागतें. एकाच गीतेंतून शंकराचार्यांनीं संन्यास काढला आणि लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त कर्मयोग काढला. दोघांनींहि आपण मूळ ग्रंथाशीं एकनिष्ठ आहों असेंच सांगितलें. ज्या वाचकांनीं तो वाद वाचला आहे, त्यांना पियानोवादकांच्या या वादांत नवें असें कांहीं वाटणार नाहीं. दोन्हीकडे अडचण एकच आहे. ज्याला विचारावें तो उत्तर द्यावयाला हजर नाहीं.

परंतु समजा, तो हजर असता तर? ज्याचा अर्थ लावावयाचा तोच समोर असता आणि 'हो' किंवा 'नाहीं' म्हणूं शकता, तर अर्थ लावणाराचें काम सोपें झालें असतें काय? या प्रश्नाचें उत्तर काल्पनिक द्यावें लागत नाहीं. कारण त्याच व्हिएन्ना शहरांत, तो सोनाटा प्रसिद्ध झाल्यावर सुमारें शंभर वर्षांनीं, एका वैद्यानें अर्थ लावण्याची कला अशा ठिकाणीं नेली कीं जेथें मूळ ग्रंथ जिवंत होता आणि समोरच्या कोचावर पडून बोलत होता. तो वैद्य म्हणजे सिग्मुंड फ्रॉइड. १८९९ च्या नोव्हेंबरांत बाहेर पडलेल्या, पण १९०० हें साल छापलेल्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नांवाचा अर्थच 'स्वप्नांचा अर्थ लावणें' असा आहे. त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या सहाशें प्रती खपावयास आठ वर्षें लागलीं. पुढें मात्र त्यानें जगाच्या बोलण्याची भाषाच बदलून टाकली.

संगीताच्या या राजधानींत राहूनहि फ्रॉइडला संगीताची गोडी नव्हती. मायकेलअँजेलोनें घडविलेल्या मोझेसच्या पुतळ्यावर त्यानें १९१४ सालीं एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें कबूल केलें आहे कीं, एखादी गोष्ट आपल्याला कां हलविते हें कळल्यावांचून तिच्यापासून आनंद घेणें आपल्या बुद्धीला मानवत नाहीं, आणि म्हणून संगीताचा आनंद आपल्याला जवळजवळ पारखाच आहे. ही कबुली मला मोठी मोलाची वाटते. कळल्यावांचून ऐकणें ज्याला जमत नाहीं अशा माणसाची ती आहे. त्याच्या शास्त्राचें बळ आणि त्याच्या शास्त्राचा धोका, दोन्ही याच स्वभावांतून निघालीं असें मी समजतों.

आधीं बळ पाहूं. योझेफ ब्रॉयर याच्यासह फ्रॉइडनें १८९५ सालीं उन्मादरोगावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत 'एमी' या घेतलेल्या नांवाखालीं एका बाईची हकीकत आहे. फ्रॉइड तिला सारखा विचारी, अमुक गोष्ट कशावरून आली, तमुक कशावरून आली? शेवटीं ती वैतागून म्हणाली कीं, असें सारखें विचारीत राहूं नका. मला जें सांगावयाचें आहे तें मला सांगूं द्या. फ्रॉइडनें तिचें ऐकलें. ब्रॉयरच्या उपचाराला 'बोलण्याचा उपचार' असें नांव दिलें तेंहि त्याच्या एका रोगिणीनेंच. म्हणजे या शास्त्राचे पहिले धडे वैद्यांना रोग्यांनीं शिकविले. आणि वैद्यांचा मोठेपणा हा कीं, ते शिकले. पुढें १९१२ सालीं फ्रॉइडनें वैद्यांना उपदेश केला कीं, ऐकतांना कशावरहि मुद्दाम लक्ष रोखूं नका. जें कानीं पडेल तें सगळें सारख्याच अवधानानें ऐका. आधींच निवड करूं लागाल, तर अगोदर ठाऊक असलेल्यापलीकडे तुम्हांला कांहींच सांपडणार नाहीं. हा उपदेश पियानोच्या प्रत्येक शिक्षकानें आपल्या भिंतीवर लावून ठेवावा इतका चांगला आहे.

आतां धोका पाहूं. १९०० सालच्या शरदृतूंत एका सधन कारखानदारानें आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला फ्रॉइडकडे उपचारासाठीं पाठविलें. फ्रॉइडनें आपल्या लेखांत तिला 'डोरा' हें नांव दिलें आहे. तिला खोकला होता, मधून मधून आवाज बसे, जीव नकोसा झाला होता. तिचें गाऱ्हाणें असें होतें कीं, वडिलांचे एका मित्राच्या पत्नीशीं नको तसे संबंध आहेत, आणि तो मित्र आपल्याशीं लगट करतो तिकडे वडील त्यासाठींच काणाडोळा करतात. एका सरोवराकांठीं त्या गृहस्थानें भलताच प्रस्ताव केला, तेव्हां तिनें त्याच्या थोबाडींत मारली. घरीं सांगितलें, तर वडिलांनीं ती तिची कल्पना ठरविली. फ्रॉइडनें मात्र तिच्या हकीकतीवर विश्वास ठेवला, आणि एवढें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. पण तो तेथें थांबला नाहीं. मनाच्या तळाशीं तुझें त्या गृहस्थावर प्रेम आहे, असा अर्थ त्यानें तिच्या स्वप्नांतून, खोकल्यांतून आणि शांततेंतून काढला. ती 'नाहीं' म्हणाली. तिच्या 'नाहीं'मधून दडपलेल्या इच्छेचा जोर दिसतो, असें त्यानें ठरविलें. अकरा आठवडे हें चाललें. वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, ३१ डिसेंबरला, डोरानें शांतपणें निरोप घेतला आणि ती निघून गेली. १९०५ सालीं ही हकीकत प्रसिद्ध करतांना आपल्या हातून काय निसटलें याची फ्रॉइडनें प्रामाणिकपणें चर्चा केली आहे. परंतु तिचें 'नाहीं' हें साधें 'नाहीं' असूं शकेल, ही शक्यता त्यानें गंभीरपणें तपासलेली दिसत नाहीं.

दुसरें उदाहरण अधिक सौम्य आहे, आणि त्याचा संगीताशीं संबंध आहे. १९०२ सालापासून फ्रॉइडच्या घरीं बुधवारीं संध्याकाळीं एक लहानसें मंडळ जमे. त्यांत माक्स ग्राफ नांवाचा एक संगीतटीकाकार होता. त्याच्या पांच वर्षांच्या मुलाला घोड्यांची विलक्षण धास्ती बसली. फ्रॉइडच्या सल्ल्यानें बापानेंच मुलाचें मन उलगडण्याचा प्रयत्न केला. तो मुलगा म्हणजे १९०९ सालच्या प्रसिद्ध निबंधांतील 'छोटा हान्स'. पुढें १९२२ सालीं तो एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण होऊन फ्रॉइडला भेटला, आणि त्यानें सांगितलें कीं, तो निबंध वाचून आपल्याला त्यांत आपली ओळखच पटली नाहीं. फ्रॉइडनें यावरून असें अनुमान केलें कीं, त्या विश्लेषणाचाहि त्याला विसर पडला. तसें असेलहि, पांचव्या वर्षींचें कोणाला आठवतें? हा हेर्बेर्ट ग्राफ पुढें ऑपेरांचा नामांकित दिग्दर्शक झाला, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या कृतींचा अर्थ लावीत राहिला. पण तेव्हांची गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. डोरानें नाकारलें, तें शास्त्राच्या बाजूनें पडलें. हान्सला ओळख पटली नाहीं, तेंहि शास्त्राच्या आड आलें नाहीं. कोणत्या उत्तरानें तो अर्थ ढळला असता, हा प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं.

पियानोच्या जगांत मेलेल्याकडून होकार मिळविण्याचा एक प्रकार झाला आहे, तोहि येथें सांगावासा वाटतो. बीथोव्हेनला ऐकूं येईनासें झाल्यावर, १८१८ पासून, भेटावयास येणारे त्याच्याशीं वह्यांत लिहून बोलत. त्याचा चिटणीस आन्टोन शिंडलर यानें त्याच्या मृत्यूनंतर त्या वह्या आपल्या ताब्यांत ठेवल्या, १८४० सालीं त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि सोनाटे कसे वाजवावे हें आपण प्रत्यक्ष त्याच्या तोंडून ऐकलें असें सांगून तो अधिकारवाणीनें बोलूं लागला. कित्येक पिढ्यांनीं त्याचा आधार घेतला. १९७७ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, वह्यांतील शिंडलरच्या कितीतरी नोंदी त्यानें बीथोव्हेन वारल्यानंतर मोकळ्या जागा पाहून घुसडलेल्या आहेत. ज्या गोष्टी तो हयात बीथोव्हेनला बोलला नव्हता, त्या त्यानें मेलेल्या बीथोव्हेनला ऐकविल्या. शिंडलरनें लबाडी केली; फ्रॉइड लबाड नव्हता. दोघांना एका पंक्तीस बसविणें अन्यायाचें होईल. तरीहि मोह दोघांचा एकाच जातीचा होता. आपल्या अर्थाला मूळ धन्याची संमति आहे असें दिसावें, आणि ती संमति नाकारण्याची सोय मात्र त्याच्याकडे उरूं नये.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील कीं, माणसाला आपलें मन पुरतें कळतें असें तरी कोठें आहे? रागावलेला मनुष्यच ओरडून सांगत असतो कीं मी रागावलेलों नाहीं. हा आक्षेप खरा आहे. फ्रॉइडनें १९३७ सालीं, आयुष्याच्या अखेरीस, या प्रश्नाकडे पुन्हा वळून त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न केला. छापा पडला तर मी जिंकलों, कांटा पडला तर तूं हरलास, असा हा खेळ आहे, हा आरोप त्याच्या कानांवर आलेला होता. त्याचें उत्तर असें कीं, रोग्याचें 'नाहीं' आम्ही जसें पुरतें मानीत नाहीं, तसें त्याचें 'हो'हि मानीत नाहीं. त्यानंतर त्याला काय आठवतें, तो काय बोलूं लागतो, यावरच आम्ही भिस्त ठेवतों. हें उत्तर विचार करण्यासारखें आहे, आणि डोराच्या वेळच्या फ्रॉइडपेक्षां हा फ्रॉइड पुष्कळ शहाणा आहे.

रचनाकाराच्या बाबतींतहि असेंच आहे. १८१९ सालीं प्रसिद्ध झालेला 'हामरक्लाविअर' सोनाटा, अनुक्रमांक १०६, हा बीथोव्हेनच्या सोनाट्यांत सर्वांत प्रचंड. तो लंडनला छापावयाचा होता, तेव्हां बीथोव्हेननें तेथील आपला जुना शिष्य फेर्डिनांड रीस याला लिहिलें कीं, तिकडच्या लोकांना जड वाटला तर एखादा भाग गाळ, नाहींतर भागांचा क्रम बदल. आणि त्याच सुमारास त्यानें आणखी कळविलें कीं, सावकाश भागाच्या आरंभीं दोन स्वर नव्यानें घाल! ज्याला सबंध भाग गेला तरी चालत होता, त्याला ते दोन स्वर हवेच होते. आतां यांतील खरा बीथोव्हेन कोणता? तेव्हां मूळ धनी प्रत्यक्ष समोर असला तरी त्याच्या एका शब्दानें निकाल लागतो असें नाहीं.

मग उरलें काय? ज्याला जो अर्थ आवडेल तो त्यानें लावावा, असें म्हणावयाचें काय? मला तसें वाटत नाहीं; आणि कां वाटत नाहीं, तें याच सोनाटावरून सांगतों. त्याच्या पहिल्या भागावर बीथोव्हेननें लय मोजण्याच्या यंत्राचा आंकडा लिहून ठेवला आहे: मिनिटाला अर्धस्वरांचे १३८ ठोके. तो वेग इतका आहे कीं, मोठमोठ्या वादकांनीं त्याला हात टेकले. संपादकांनीं सोयीचे कमी आंकडे सुचविले, आणि बीथोव्हेनचें यंत्रच बिघडलेलें असावें असाहि तर्क पुष्कळांनीं केला. आर्टुर श्नाबेल यानें १९३२ ते १९३५ या काळांत बत्तीसच्या बत्तीस सोनाट्यांचें ध्वनिमुद्रण लंडनमध्यें केलें, त्यांत त्यानें या लयीच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्यांत स्वर चुकले आहेत. कांहीं जागीं नुसती धांदल ऐकूं येते. त्यानें निराळा अर्थ काढून आपली बोटें वांचविलीं असतीं, तर त्याला कोणीं दोष दिला नसता. पण जो आंकडा आपल्या समजुतींत बसत नव्हता तो त्यानें खोडला नाहीं. त्याच्यापुढें स्वतः अपुरें ठरणें त्यानें पत्करलें. त्याचा अर्थ बरोबर होता असें माझें म्हणणें नाहीं. कदाचित् यंत्र खरोखरच बिघडलेलें असेल. परंतु ज्याचा अर्थ लावावयाचा त्यानें आपल्याला अडवावें, आपली बोटें अडखळवावीं, अशी वाट त्यानें मोकळी ठेवली. अर्थ लावणाराचा अधिकार मला येथें सांपडतो. मूळ वस्तूला आपल्याला नाकारण्याची संधि जो देतो, त्याचाच तिच्याविषयीं बोलण्याचा हक्क उरतो; आणि ज्याच्या अर्थाला सगळीं उत्तरें सारखींच मानवतात, तो दुसऱ्याविषयीं बोलतच नसतो.

एवढें झाल्यावरहि सोनाटा आणि माणूस यांमधील एक भेद राहतोच. सोनाटाचा कोणी वाईट अर्थ लावला, तर उद्यां दुसरा वादक येऊन तोच कागद पुन्हा उघडतो. कागदावर ओरखडाहि उठत नाहीं. माणसाचें तसें नाहीं. त्याच्याविषयीं जें बोललें जातें तें तो ऐकतो, आणि ऐकून बदलतो. म्हणून जिवंत माणसाचा अर्थ लावतांना खरा असणें पुरत नाहीं. तो कधीं बोलावा आणि बोलावा कीं नाहीं, याचाहि विवेक लागतो. हें फ्रॉइडलाहि ठाऊक होतें. १९१० सालच्या एका लेखांत त्यानें एका घाईखोर वैद्याला फटकारलें आहे; रोग्याच्या अंगावर त्याच्या मनाचा अर्थ नुसता फेंकणें म्हणजे दुष्काळांत भुकेल्यांना भोजनाच्या पदार्थांची यादी वांटणें होय, असें त्यानें म्हटलें आहे. त्याची स्वतःची वागणूक कधीं कधीं या उपदेशाहूनहि सुंदर होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ब्रूनो वॉल्टर हा तरुण वाद्यवृंदसंचालक त्याच्याकडे आला. त्याच्या उजव्या हातांत अशा कळा येत कीं, त्याला वाद्यवृंद चालवितां येईना कीं पियानो वाजवितां येईना. वॉल्टरनें १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, आपल्या बाळपणाविषयीं महिनोन् महिने विचारपूस होईल अशी त्याची अपेक्षा होती. फ्रॉइडनें हात तपासला आणि विचारलें, तुम्ही सिसिली पाहिली आहे काय? मग आजच्या गाडीनें जा, हात विसरा आणि डोळे वापरा. तो गेला, परत आला, हात फारसा सुधारला नव्हता. तेव्हां फ्रॉइड म्हणाला कीं, आतां वाद्यवृंद चालवा. वॉल्टरला भीति वाटली कीं मध्येंच हात थांबला तर? फ्रॉइडनें सांगितलें, ती जबाबदारी माझी. हळूहळू तो हात बरा झाला. जगांतील सर्वांत प्रसिद्ध अर्थ लावणाऱ्यानें त्या हाताचा अर्थ बोलूनच दाखविला नाहीं. त्याला तो दिसत नव्हता असें मला वाटत नाहीं.

हें सगळें मी दुसऱ्यांविषयीं लिहीत आहें. आतां स्वतःविषयीं सांगतों. वीस-बावीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक फार हुशार मुलगी होती. पहिल्या वर्षाच्या अखेरीस ती माझ्या खोलींत आली आणि म्हणाली, "सर, मी तत्त्वज्ञान सोडून भूगर्भशास्त्र घेणार आहे." मला तें लागलें. मी नुकताच फ्रॉइड वाचीत होतों, आणि तिचे वडील कडक आहेत हें मला ठाऊक होतें. मीं तिला समजावून सांगितलें कीं, प्रश्न विचारणारा विषय तुला वडिलांच्या धाकामुळें भीतिदायक वाटतो, म्हणून तूं दगडांच्या आश्रयाला जात आहेस. ती म्हणाली, "तसें नाहीं, सर." मी हंसलों. तें हंसणें मला आज स्पष्ट आठवतें. तिचें 'नाहीं' म्हणजे माझ्या अर्थाला मिळालेली पावतीच, अशा समाधानाचें तें हंसणें होतें. ती आणखी कांहीं बोलली नाहीं. नमस्कार करून निघून गेली.

तीन वर्षांपूर्वीं एका समारंभांत ती मला भेटली. भूगर्भशास्त्रांत तिनें चांगलें काम केलें आहे. जुन्या आठवणी निघाल्या, तेव्हां मीं तो प्रसंग काढला. ती हंसून म्हणाली, "सर, मला खरोखरच दगड आवडत होते." मग थोडें थांबून म्हणाली, "पण त्या दिवसानंतर तुमच्याजवळ मनांतलें कांहीं बोलावेंसें वाटलें नाहीं. बोललें तरी तें माझें राहिलें नसतें." या वाक्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. मीं तिचें नुकसान केलें असें ती म्हणत नव्हती. मीं एक दार लावून घेतलें होतें, आणि तें लागल्याचें मला वीस वर्षें कळलेंहि नव्हतें.

आमच्या सौभाग्यवतींच्या प्रश्नाचें उत्तर मीं पुढच्या रविवारीं दिलें. मी म्हणालों, "त्या दोघांपैकीं खोटें कोणीच बोलत नाहीं. दोघेहि कागदाचें ऐकतात, आणि कागद अडवील तेथें दोघेहि थांबतात." त्यांनीं थोडा विचार केला आणि विचारलें, "आणि कागदाला बोलतां येत असतें तर?" मी म्हणालों कीं, मग काम अधिक कठीण झालें असतें, कारण मग ऐकावेंहि लागलें असतें. त्या म्हणाल्या, "हें तुम्हांला आज कळलें?" आणि मीं या वेळीं हंसण्यावारीं नेलें नाहीं.